द्यावी आधी, घ्यावी नंतर

कासारवडवलीच्या नाक्याजवळ एक हार्डवेअरचं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात मोरीतला नळ गळायला लागला म्हणून वॉशर आणि टेप आणायला गेले. साठ रुपयांच्या मालाचं बिल कुणी मागत नाही, मी मागितलं. चौतीस वर्षं बँकेत काढल्यावर कागद हातात पडल्याशिवाय पैसे दिल्यासारखे वाटतच नाहीत. बिलाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं : चू. भू. द्या. घ्या. गल्ल्यावरच्या मुलाला विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "जीएसटीचं असेल काहीतरी, मॅडम. प्रिंटिंगवाल्यानंच टाकलंय."

त्याला पूर्ण शब्द सांगितले. चूकभूल द्यावी घ्यावी. त्यानं मान डोलावली आणि सुट्टे पैसे नसल्यानं दोन रुपयांची चॉकलेटं पुढे केली.

हे चार शब्द मी अक्षरओळख झाल्यापासून बघत आलेय. माझे वडील ठाण्यात जांभळी नाक्यावर एका धान्याच्या पेढीवर दिवाणजी होते. सेठ कच्छी, गिऱ्हाइकं बहुतेक आपली : तलावपाळीच्या आसपासची ब्राह्मण-प्रभू घरं, चेंदणीचे कोळी, आणि घोडबंदरच्या वाटेवरच्या गावांतले आगरी शेतकरी. माजिवडे, कोलशेत, कावेसर, ओवळे इथून ते भात घेऊन यायचे आणि मीठ, गूळ, रॉकेल घेऊन परत जायचे. सेठची स्वतःची वही गुजरातीत. तिच्यात अखेरीस असायचं 'भूलचूक लेवी देवी'. मराठी गिऱ्हाइकांचे हिशेब बाबांच्या हातचे, त्यांच्याखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी'. बाबा घरी आल्यावर मिश्कीलपणे म्हणत, "सेठ आधी घेतो, आपण आधी देतो."

गंमत सोडली तरी निरीक्षण खरं आहे. हिंदीतही 'भूल चूक लेनी देनी', म्हणजे घेणं आधीच. मराठीनं तेवढा क्रम उलटा ठेवला. यावरून मराठी व्यापारी जास्त सज्जन होता असं मी मुळीच म्हणणार नाही, कानाला बरं लागतं म्हणूनही तसं झालं असेल. पण तिन्ही भाषांत एक गोष्ट सारखी आहे. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते आणि ती दोन्ही बाजूंनी निस्तरायची, हे आधीच कबूल केलेलं आहे. इंग्रजी बिलांवर 'ई. अँड ओ. ई.' छापतात, त्याचा अर्थ चुका आणि राहून गेलेल्या गोष्टी वगळून. तिथे लिहिणारा फक्त स्वतःची मान सोडवून घेतो. आपल्याकडचा वाक्प्रचार समोरच्यालाही बांधून घेतो : तुला जास्त गेलं तर तू आणून द्यायचंस.

बाबांच्या वहीत या वाक्याला एक खातंही जोडलेलं होतं. त्याचं नाव उचंत. रोजकीर्द संध्याकाळी जुळवायची. दिवसाची जमा, दिवसाचं नावे, सकाळची शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड. कमी पडली तर बाबा फारसे अस्वस्थ होत नसत. जास्त भरली की मात्र जेवणात लक्ष नसे. "कमी आले तर चूक आपली," ते म्हणत, "जास्त आले तर चूक कुणाची, ते शोधायला हवं." शोध लागेपर्यंत ती रक्कम 'उचंत खाते जमा'. एकदा साडेअकरा रुपये असे सोळा महिने उचंतात पडून होते. दुसऱ्या सुगीला ओवळ्याचा एक शेतकरी आला, बोलता बोलता म्हणाला की गेल्या खेपेला घरी गेल्यावर पैसे कमी भरले, बायकोनं दारू प्यायलास म्हणून बोल लावला. बाबांनी वही उघडली, पान शोधलं, तारीख जुळवली आणि साडेअकरा रुपये मोजून दिले. त्या माणसानं कधी मागितले नव्हते. त्याचा संशयच नव्हता पेढीवर, तो बायकोवर चिडून होता.

तेव्हाच्या हुंडीच्या व्यवहारातसुद्धा चुकीची धास्ती शब्दाशब्दांत भरलेली असे. हुंडीत रक्कम लिहिली की लगेच तिची निम्मी रक्कम लिहून 'तिची दुप्पट' असं म्हणायची रीत होती, म्हणजे कुणी एखादं शून्य वाढवायला जावं तर त्याला दोन ठिकाणी खोटं बोलावं लागेल. सगळ्यात शहाणी मला वाटते ती शहाजोग हुंडी. तिचे पैसे कुणाही सोम्यागोम्याला मिळत नसत. बाजारात पत असलेला 'शहा' ती घेऊन आला तरच मिळत. पुढे ती हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर पैसे व्याजासकट परत करायची जबाबदारी त्या शहाची, नाहीतर ज्यानं लबाडी केली त्याला त्यानं हजर करायचं. इंग्रजांनी १८८१ मध्ये चेक-हुंड्यांचा कायदा केला तेव्हा या देशी भाषांतल्या कागदांच्या स्थानिक रीतींना हात लावला नाही. पैसा चुकीच्या हातात पडला तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे त्या रीतीत पक्कं ठरलेलं होतं. पुढे जे सांगणार आहे त्यात हेच नेमकं हरवलेलं दिसेल.

थोडं आणखी मागे जाते, कारण ठाणेकरांना आपलीच एक गोष्ट बहुधा ठाऊक नसते. ठाणे म्हणजे श्रीस्थानक, उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. त्यांच्यातल्या अपरादित्य नावाच्या राजानं बाराव्या शतकात याज्ञवल्क्य स्मृतीवर मोठी टीका लिहिली. ती 'अपरार्क' म्हणून प्रसिद्ध आहे आणि काश्मीरच्या पंडितांत तिचं मोठं वजन होतं. (त्याच स्मृतीवरची मिताक्षरा कल्याणला लिहिली, असं कल्याणची मंडळी कधी कधी छातीठोक सांगतात. ते कल्याण वेगळं, चालुक्यांचं, आताचं बसवकल्याण. आपल्या वाट्याला अपरार्क आहे, तेवढं पुरे.) हरवलेल्या आणि सापडलेल्या धनाबद्दल त्या स्मृतीत चोख नियम आहेत. सापडलेलं धन मालकाला परत द्यायचं. मालकानं खुणा सांगायच्या, पटल्या नाहीत तर त्यालाच तेवढा दंड. जकात घेणाऱ्यांनी किंवा नाक्यावरच्या रखवालदारांनी सापडलेली वस्तू आणली तर वर्षभर मालकाची वाट बघायची, मग ती राजाची. मनुस्मृतीत हीच वाट तीन वर्षांची आहे. आणि ज्याला पुरलेलं धन सापडलं पण त्यानं कळवलं नाही, त्याच्याकडून ते काढून घ्यायचं, वर दंडही करायचा. घोडबंदरच्या खाडीवर गलबतं लागत होती, घाटावरून माल उतरत होता, त्या प्रदेशाचा राजा जकातवाल्यांच्या हाती आलेल्या बेवारशी गाठोड्याबद्दलच्या श्लोकावर भाष्य करत बसलाय, हे चित्र मला फार आवडतं. त्याच्या राज्यात ते गाठोडं काही तात्त्विक नव्हतं.

बँकेत मी १९८१ मध्ये लागले, तेव्हा बाबा निवृत्त झालेले होते. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं, "तुमच्यात उचंत असतं का?" म्हटलं, असतं, सस्पेन्स म्हणतात. त्यांचं समाधान झालं. १९८५ मध्ये माझी बदली माजिवड्याच्या बाजूला एका लहान शाखेत झाली. घोडबंदर रोड तेव्हा दोन पदरी, दुतर्फा झाडं, अधूनमधून कारखान्याची कंपाउंड, बाकी शेतं. टीएमटी अजून सुरू व्हायची होती, ती १९८९ ची. एसटीनं उतरून दहा मिनिटं चालायचं. शाखेतली निम्मी खाती कारखान्यांतल्या कामगारांची, निम्मी गावकऱ्यांची.

लेजरवर काम केलेल्यांना सांगायला नको, इतरांना सांगते. बचत खात्यांची जाडजूड बांधणीची लेजरं असत, प्रत्येकात शे-दोनशे खाती. व्हाउचर यायचं, त्यावरून आपण खात्याच्या पानावर रक्कम चढवायची, शिल्लक काढायची, अधिकाऱ्यानं तपासून लाल शाईनं सही मारायची. महिन्यातून एकदा प्रत्येक लेजरचं बॅलन्सिंग. सगळ्या खात्यांच्या शिलकी उतरवून बेरीज करायची आणि ती जनरल लेजरशी जुळली पाहिजे. जुळली नाही की रात्री आठ-नऊपर्यंत डिफरन्स शोधायचा. त्याच्या युक्त्या एकीनं दुसरीला शिकवलेल्या. फरकाला नवानं भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ७२ चे २७ केलेत. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोध, ती जमेऐवजी नावे पडली असणार. हे सगळं मी पाठ करून बसले होते आणि माझा फार अभिमान होता की माझं लेजर पहिल्या झटक्यात टॅली होतं.

फेब्रुवारी १९८७ मध्ये कावेसरची एक म्हातारी नातवाला घेऊन काउंटरवर आली. हिरवं लुगडं, कमरेला पिशवी, हातात पासबुक. येऊरच्या जंगलाकडून करवंदं-जांभळं, घरचे वाल, थोडा भाजीपाला असं ठाण्याच्या बाजारात नेऊन विकायची आणि दर पंधरा दिवसांनी शंभर-दीडशे रुपये भरायची. नातू चौथीत. त्यानं आदल्या रात्री पासबुक मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

ती म्हणाली, "बाय, ये पैसं माजं नाय."

पासबुकात नोव्हेंबरमध्ये ४,२०० रुपये जमा होते. मी लेजर काढलं. तिथेही तेच, खाली माझं अक्षर, बाजूला अधिकाऱ्याची लाल सही. मी म्हटलं, "आजी, खातं तुमचंच आहे. नंबर बघा, १२३७. तुमचेच पैसे आहेत." ती ऐकेना. मी मुलाकडे बघून बोलायला लागले, म्हातारीला कळत नसेल असं समजून. तेव्हा तिनं पिशवीतून सुतळीचा गुंडाळा काढला. त्याला गाठी होत्या. एक गाठ म्हणजे एकदा भरणा. मोठी गाठ असेल तर दोनशेच्या वर. "मना ठावं हाय, मी काय भरलंय ते," म्हणाली, आणि प्रत्येक गाठीशी काय विकलं होतं ते सांगायला लागली. नोव्हेंबरात तिच्या सुतळीवर एकच बारीक गाठ होती.

दुपारी मी नोव्हेंबरच्या व्हाउचरांचं बाड सोडलं. ४,२०० चं व्हाउचर निघालं, खाते क्रमांक १२७३. कोलशेत रोडवरच्या एका कारखान्यातल्या फिटरचं खातं, दिवाळीच्या बोनसचा चेक. मी १२७३ चं १२३७ वाचलं होतं. आकडे उलटले होते, तेच, ज्यांना पकडायची युक्ती मला पाठ होती. पण ती युक्ती रकमेला लागू पडते, खाते क्रमांकाला नाही. दोन्ही खाती एकाच लेजरात. एकाचे दुसऱ्याला गेले तरी बेरीज तीच. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, तीनदा लेजर टॅली झालं होतं आणि तिन्ही वेळा मी ऐटीत सही केली होती.

माझ्या आयुष्यात हिशेबाबद्दल मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती. जुळलेला हिशेब बरोबर असतोच असं नाही. पैसा चुकीच्या माणसाकडे गेलाय हे आकडेवारीच्या आतून दिसत नाही. ते फक्त दोन माणसांना कळू शकतं, ज्याचे गेले त्याला आणि ज्याला आले त्याला. त्या फिटरला तर पत्ताच नव्हता. त्यानं दिवाळीपासून पासबुक भरून घेतलेलं नव्हतं. म्हणजे चूकभूल पकडणारी सगळ्या व्यवस्थेत एकच जागा शिल्लक होती, आणि ती म्हणजे सुतळीला गाठी मारणारी ती बाई.

नोंद फिरवली. डिसेंबर-जानेवारीचं व्याजाचं प्रॉडक्ट एका पानावरून खोडून दुसऱ्या पानावर मांडलं. तेव्हा महिन्याच्या दहा तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज धरत, दर पाच टक्के, दोन महिन्यांचे बरोबर ३५ रुपये. मॅनेजरनी मला लेखी ताकीद दिली. म्हातारीला चहा द्या म्हणाले. तिनं चहा बशीत ओतून नातवाला दिला आणि मला विचारलं, "तुला वरडतील का गो?"

आता मधली वर्षं पळवते. बँकांत संगणक आणण्याबद्दलचा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा, पण आमच्यासारख्या शाखांत संगणक यायला नव्वदचं दशक उजाडलं. मग सगळ्या शाखा एका जाळ्यात, मग एनईएफटी, आरटीजीएस. तोवर बाहेरून पैसे आले की नाव आणि खाते क्रमांक दोन्ही जुळवून जमा करायची रीत होती. ऑक्टोबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना कळवलं की इलेक्ट्रॉनिक रक्कम फक्त खाते क्रमांकावरून जमा केली तरी चालेल, क्रमांक बरोबर लिहिण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. कारण समजण्यासारखं होतं. लाखो नोंदी, त्यात 'सौ.', 'श्रीमती', वडिलांचं नाव, स्पेलिंगांचे तऱ्हेतऱ्हेचे नमुने, माणसं बसवून जुळवणार किती? पण त्या दिवशी शहाजोग हुंडीचा शहा खऱ्या अर्थानं मेला. नाव गेलं, नंबर उरला. पाठवताना समोरच्याचं नाव आधी दाखवण्याची सोय एनईएफटी आणि आरटीजीएसला १ एप्रिल २०२५ पर्यंत करा, असं रिझर्व्ह बँकेला पुन्हा सांगावं लागलं. तब्बल चौदा वर्षांनी.

त्या चौदा वर्षांत माझी पाळी आली. २०१९ चा ऑगस्ट, मी निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. मानपाड्याच्या पुलाखाली रिक्षा अडकलेली, मेट्रोच्या कामाचे निळे पत्रे, पाऊस. फोन किणकिणला. खात्यात ६२,५०० रुपये जमा. पाठवणारं कुठलंसं इंजिनिअरिंग वर्क्स, नाव कधी न ऐकलेलं.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेले. काउंटरवरची मुलगी गोड होती. पडद्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, अकाउंट नंबर तुमचाच आहे." मी म्हटलं, ते मला माहीत आहे, पैसे माझे नाहीत. ती म्हणाली, "पण मॅडम, तुमच्याच खात्यात आलेत ना?" बत्तीस वर्षांपूर्वीचं माझंच वाक्य माझ्याच तोंडावर येऊन आदळलं. माझ्याकडे सुतळीही नव्हती.

पैसे परत करणं हे किती अवघड काम आहे हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पाठवणाऱ्या बँकेकडून विनंती आल्याशिवाय यांना उलटी नोंद करता येईना. मी स्वतः परत पाठवू म्हटलं तर पाठवणाऱ्याचा खाते क्रमांक मला दिसत नाही. तिसऱ्या दिवशी एक फोन आला, "काकू, चुकून तुमच्याकडे पैसे आलेत, या नंबरवर टाका ना." दिले नाहीत. तो खराच त्या वर्क्सचा माणूस होता की पैसे फिरवणाऱ्या टोळीतला, हे ओळखायचा मार्ग नव्हता. असे पैसे खात्यात टाकून दुसरीकडे पाठवायला लावायचे आणि मधल्या माणसाला पोलिसांच्या दारात उभं करायचं, ही आता रुळलेली फसवणूक आहे. बाबांना ओवळ्याच्या माणसाचा चेहरा, त्याची बायको, त्याचं भात माहीत होतं. मला मागणाऱ्याच्या हातात पैसे ठेवायचीही सोय नव्हती. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, रक्कम गोठवून ठेवा म्हटलं आणि वाट बघत बसले.

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर सकाळी फिरून आल्यावर चहा होतो. तिथे मी हे बोलले ही माझी चूक. एक निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "मिनिमम बॅलन्स नाही म्हणून हे लोक पेन्शनरांचे पैसे कापतात, तेव्हा परत करतात का? ठेवा की." दुसरे म्हणाले, एफडी करा, मागतील तेव्हा मुद्दल द्या, व्याज तुमचं. एका बाईंनी विचारलं, "देवानंच दिले असतील तर?" मी काही बोलले नाही. पहिल्या गृहस्थांच्या तक्रारीत तथ्य आहे हे मला त्या कट्ट्यावरच्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. बँकेची चूक आपल्या बाजूनं झाली की रातोरात उलटते. आपल्या विरुद्ध झाली की अर्जांवर अर्ज. एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले तर पाच दिवसांत परत करा, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई द्या, असं रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढून बजावावं लागलं. 'द्यावी' हा अर्धा भाग बँका स्वखुशीनं पाळत असत्या तर दिवसाला १०० चा बडगा कशाला लागता? तरीही त्यांच्या सुचवण्यात एक घोटाळा होता. ते ६२,५०० बँकेचे नव्हतेच. कुणा वर्कशॉपवाल्याचे होते, बहुतेक त्यातून कुणाचा पगार व्हायचा असणार.

कायदा या बाबतीत स्वच्छ आहे. १८७२ च्या करार कायद्याचं ७२ वं कलम सांगतं की चुकून दिलेले पैसे घेणाऱ्यानं परत केले पाहिजेत. तिथलं पहिलं उदाहरण शंभर रुपयांचं आहे : दोघांचं मिळून एक कर्ज, एकानं फेडलं, दुसऱ्यानं ते न कळून पुन्हा फेडलं, तर सावकारानं दुसऱ्यांदा आलेले परत द्यायचे. देणाऱ्यानं नीट चौकशी का केली नाही, हा प्रश्नच नाही. इंग्लंडात १८४१ च्या सोलारीबाईंच्या खटल्यात हा मुद्दा निघाला होता. नवऱ्याच्या विम्याचा हप्ता थकून पॉलिसी बुडालेली होती, कंपनीच्या कागदांवर तशी नोंदही होती, ती विसरून कंपनीनं विधवेला १९७ पौंड देऊन टाकले आणि मग परत मागितले. कंपनीचा निष्काळजीपणा असला तरी परत मागता येतात, असं न्यायाधीशांनी म्हटलं. मला त्या बाईची दया येते, पण निकाल चुकीचा वाटत नाही.

फौजदारी बाजूला दंडसंहितेच्या ४०३ व्या कलमाखाली, म्हणजे आताच्या न्याय संहितेच्या ३१४ व्या, दोन सुंदर उदाहरणं आहेत. हमरस्त्यावर एक रुपया सापडला, कुणाचा कळायला मार्ग नाही, उचलला, तर गुन्हा नाही. पण रस्त्यावर पाकीट सापडलं, आत नोट, पाकिटावरच्या पत्त्यावरून मालक कळतो आणि तरी नोट खिशात घातली, तर गुन्हा. घोडबंदर हमरस्त्यावर मला सापडलेला पैसा पाकिटातला होता. पाठवणाऱ्याचं नाव संदेशात छापलेलं होतं.

माणसं मात्र पत्ता वाचायला नेहमी तयार नसतात. पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात २०२१ मध्ये १५ लाख आले. ते एका ग्रामपंचायतीचे होते. त्याला वाटलं, पंतप्रधानांनी कबूल केलेले हेच ते. त्यानं आभाराचं पत्र लिहिलं आणि नऊ लाखांचं घर बांधलं. सहा महिन्यांनी बँकेची नोटीस आली. या माणसाला हसणाऱ्यांना मी एवढंच विचारते, सहा महिने बँक आणि ग्रामपंचायत काय करत होत्या? त्यांच्यात सुतळीला गाठ मारणारं कुणीच नव्हतं? पण यूको बँकेचं प्रकरण मला तेवढं भोळं वाटत नाही. १० ते १३ नोव्हेंबर २०२३, ऐन दिवाळी, बारा तारखेला लक्ष्मीपूजन. इतर बँकांतून येणारे व्यवहार तिकडे फसत होते, पाठवणाऱ्याचे पैसे वजा होत नव्हते, पण इकडे जमा होत होते. ४१ हजारांच्या आसपास खात्यांत मिळून सुमारे ८२० कोटी रुपये. बँकेनं आठवड्याभरात ६४९ कोटी वसूल केल्याचं सांगितलं. उरलेल्यांसाठी सीबीआयला राजस्थानात आणि पुण्यात धाडी घालाव्या लागल्या. पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होऊन पहिल्या पानावर 'श्री' लिहिला जात होता, त्याच मुहूर्तावर काही जण घाईघाईनं पैसे काढत होते. मोठ्यांचंही वेगळं नाही. सिटीबँकेनं ऑगस्ट २०२० मध्ये रेव्हलॉन कंपनीच्या कर्जाचं फक्त व्याज द्यायच्या ऐवजी सुमारे ९० कोटी डॉलर पाठवले, आणि त्यातले ५० कोटींच्या आसपास घेणाऱ्यांनी अडवून धरले. खालच्या कोर्टानं ते ठेवायला मुभा दिली, वरच्या कोर्टानं २०२२ मध्ये ती काढली. सुटाबुटातल्या माणसांचा मुद्दा होता, आमचं येणं होतंच की. आमच्या कट्ट्यावरच्या इंजिनिअरसाहेबांचा मुद्दा याहून फार लांब नव्हता.

माझे ६२,५०० तेविसाव्या दिवशी परत गेले. ना वर्क्सचा फोन, ना बँकेचं पत्र. फक्त एक संदेश, रक्कम वजा. तिमाही संपल्यावर व्याज जमा झालं तेव्हा बसून हिशेब केला. २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज मिळतं, तेव्हाच्या साडेतीन टक्क्यांनी तेवीस दिवसांचे १३८ रुपये. ते माझे नव्हते. शाखेत जाऊन सांगितलं, हे त्यांना पाठवा. तीच गोड मुलगी होती. हसली. "मॅडम, एवढ्यासाठी एंट्री नाही होत. राहू द्या ना." १९८७ मध्ये आम्ही ३५ रुपयांसाठी दोन पानं खोडली होती, असं तिला सांगायचं तोंडावर आलं होतं. पण मागे रांग होती.

मी अजून घरखर्चाची वही लिहिते, दर पाडव्याला नवी. त्या वर्षी पहिल्या पानावर, बाबांसारखं मोडीत येत नाही म्हणून बालबोधीत, लिहिलं : उचंत खाते जमा, रु. १३८. तेव्हापासून दर पाडव्याला ही बाकी पुढच्या वहीत ओढते आहे.